सही कुणाची? सातारा-सांगलीकडच्या बाळंतपणाचा इतिहास



विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांचे मला फोन आले. एकानं तर सरळच विचारलं, "सर, तुम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलंत. सिझर आणि नॉर्मल डिलिव्हरीशी तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, "बाबा रे, बाळंतपणाशी आपल्या सगळ्यांचा एकदा तरी संबंध आलेलाच आहे." (हशा) पण उत्तर गंभीरपणे द्यायचं तर, ज्यांना आम्ही तत्त्वज्ञानाचे आद्य गुरू मानतो तो सॉक्रेटिस एका सुईणीचा मुलगा होता. फाइनारेटी तिचं नाव. आणि तो स्वतःच्या कामाला सुईणपणच म्हणायचा. म्हणजे मी विचार तुमच्या पोटात घालत नाही, तुमच्या पोटातला विचार नीट बाहेर येतो की नाही एवढंच पाहतो, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा आमचं घराणं तसं सुईणीचंच आहे.

दुसरं कारण घरचं आहे. तीन महिन्यांपूर्वी माझ्या नातीचा पुण्याहून फोन आला. तिला सातवा संपत आला होता. म्हणाली, "आबा, डॉक्टर म्हणतात तब्येत चांगली आहे, नॉर्मल होऊ शकेल, पण तुम्हाला ठरवून सिझर हवं असेल तर तोही विचार करता येईल. सासूबाई म्हणतात नॉर्मलच. आई म्हणते उगाच कळा कशाला सोसतेस. हा म्हणतो तू ठरवशील ते. आता तुम्ही सांगा, तुम्ही फिलॉसॉफीचे प्रोफेसर." मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. चार दिवस मागितले. ते चार दिवस तीन महिने झाले आणि त्याचं हे व्याख्यान झालं. शेवटी तिला काय सांगितलं, ते शेवटी सांगतो.

सुरुवात एका गावापासून करतो. देवराष्ट्रे. आज सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. पण मी सांगतोय त्या काळी ते सातारा जिल्ह्यातच होतं. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचं सांगली झालं, तोवर आपण एकाच जिल्ह्याची माणसं होतो. तर 1913 सालच्या मार्च महिन्यात देवराष्ट्र्यात एक बाई माहेरी बाळंतपणाला आलेली होती. विठाबाई. बाळंतपण अवघड गेलं. त्रास फार झाला, गावात डॉक्टर नाही, औषध नाही. घरातल्या म्हातारीनं, म्हणजे बाळाच्या आजीनं, जवळच्या डोंगरातल्या सागरोबाला साकडं घातलं, की देवा, माझ्या लेकीला यात यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचं नाव यशवंत ठेवीन. बाई सुटली. मुलगा झाला. त्याचं नाव यशवंत ठेवलं. ते यशवंतराव चव्हाण. ही हकिकत त्यांनी स्वतःच 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात सांगितलेली आहे.

आपण ही गोष्ट ऐकतो आणि म्हणतो, वा, काय भाग्य! मला मात्र तिच्यात दुसरंच काही दिसतं. महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचं नाव हे एका अडलेल्या बाळंतपणाचं स्मारक आहे. आणि त्याच रात्री, त्याच टापूतल्या दुसऱ्या कुठल्या वाडीवर दुसरी कोणी विठाबाई अडली असेल, तिच्याही आईनं कुठल्या तरी देवाला साकडं घातलं असेल, आणि तिला यश आलं नसेल. तिचं नाव कुठल्या पुस्तकात येणार? इतिहासात वाचलेल्यांच्याच साक्षी असतात. बाळंतपणाच्या इतिहासात तर हे फारच खरं आहे.

आता लक्षात घ्या, 1913 साली जगात सिझेरियन नव्हतं असं नाही. देवराष्ट्र्याहून मिरज आज गाडीनं तासा-दीड तासाचा रस्ता. त्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचा मिशन दवाखाना 1894 पासून चालू होता. हा माणूस 1889 साली प्रथम सांगलीत आला, मग मिरजेत स्थिरावला. शस्त्रक्रियेत त्यांचा हात असा होता, की कर्नाटकातून, कोकणातून लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आमच्या लहानपणीसुद्धा "आता मिरजेला न्या" याचा अर्थ प्रकरण गंभीर आहे असाच व्हायचा. पुणे-मिरज रेल्वेही होती. म्हणजे ज्ञान होतं, दवाखाना होता, आगगाडी होती. पण कळा सुरू झालेल्या बाईला रात्री अंगणाबाहेर काढून मिरजेला न्यायचं, हे कुणाच्या मनातच आलं नसतं. ते शक्यतेच्या यादीतच नव्हतं.

इथे ॲरिस्टॉटल कामाला येतो. तो म्हणतो की माणूस विचारविनिमय कशाचा करतो, तर जे आपल्या हातात आहे आणि जे वेगळं करता येऊ शकतं त्याचाच. उद्या सूर्य उगवावा की नाही यावर कुणी बैठक बोलावत नाही. म्हणून 'निवड' या शब्दाचा इतिहास लिहायचा असेल तर आधी 'हातात काय होतं' याचा इतिहास लिहावा लागतो. माझी नात जो प्रश्न विचारते आहे तो तिच्या पणजीला, म्हणजे माझ्या आईला, पडूच शकला नसता. माझी आई अशिक्षित होती म्हणून नव्हे. पर्यायच नव्हता म्हणून.

माझ्या आईची सहा बाळंतपणं खटाव तालुक्यात झाली. आम्ही चौघं जगलो. घरातली अंधारी खोली, बाज, खाली शेगडी, ओव्याची-बाळंतशेपाची धुरी, आणि सुईण. या सुईणीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. ती बहुतेक गावांत ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या समाजातली असे, किंवा न्हाव्याच्या घरातली असे. कारण रक्त, वार, नाळ हे सगळं विटाळाचं मानलेलं. तिच्या हातात आपण आपल्या लेकीसुनेचा जीव द्यायचो. तिनं नाळ कापायची, बाळाला पहिला हात लावायचा. आणि सोयर फिटलं, घर सारवून झालं की तीच बाई ओट्याच्या खाली उभी राहून लुगडं-खण घ्यायची. जुन्या बाळंतपणाचं आज फार गोड वर्णन चालतं, कसं घरगुती होतं, कसं मायेचं होतं. माया होती, नाही कोण म्हणतो? डिंकाचे लाडू होते, हळिवाची खीर होती, सव्वा महिना विश्रांती होती, ती आजच्या कित्येक बायकांना मिळत नाही. पण त्या खोलीच्या उंबऱ्यावर जातही बसलेली होती, आणि खोलीत मरणही बसलेलं होतं. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्या बायका म्हणत. तो अलंकार नव्हता, अनुभव होता.

आपली भाषासुद्धा बघा. बाई 'अडली'. बाई 'सुटली'. 'मोकळी झाली'. 'सुटका झाली'. हे सगळे कैदेतून सुटण्याचे शब्द आहेत. आणि 'नैसर्गिक प्रसूती' हा शब्द? तो आमच्या आईच्या तोंडी कधी नव्हता. बाळंतपण ते बाळंतपण, त्याला विशेषण कशाला? विशेषण लागतं ते दुसरा प्रकार आल्यावर. विजेचे दिवे आल्यावर 'तेलाचा दिवा' असं म्हणायची गरज पडली, तसं. इंग्लंडमध्ये ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरानं 1933 साली 'नैसर्गिक प्रसूती' याच नावाचं पुस्तक लिहिलं. म्हणजे ज्याला आपण सनातन समजतो ती कल्पना, कल्पना म्हणून, शंभर वर्षांचीही नाही.

आता सिझरकडे येतो. ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव पडलं, असं आपण शाळेत ऐकलेलं आहे. ते बहुधा खरं नाही. सीझरची आई ऑरेलिया तो मोठा होऊन सेनापती होईपर्यंत जिवंत होती, आणि त्या काळात पोट चिरलेली बाई वाचणं जवळजवळ अशक्य. प्राचीन रोमचा कायदा होता तो मेलेल्या गर्भवतीबद्दल, की मूल काढल्याशिवाय तिला पुरू नये. आपल्या सुश्रुतसंहितेतही हेच दिसतं. आई गेलेली आहे आणि कूस हलते आहे, तर वैद्यानं ताबडतोब चिरून मूल काढावं. म्हणजे रोम असो की भारत, पोट चिरणं हा मेलेल्या आईवरचा उपाय होता, जिवंत आईसाठीचा पर्याय नव्हता.

पण सुश्रुताची आणखी एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. चिकित्सास्थानात मूढगर्भाचं प्रकरण आहे. मूढगर्भ म्हणजे आडवा-तिडवा अडकलेला गर्भ. तिथे तो प्रामाणिकपणे सांगतो, की याच्याइतकं कठीण काम शल्यतंत्रात दुसरं नाही, कारण सगळं न पाहता, हाताच्या स्पर्शानं करायचं. आणि म्हणून, तो सांगतो, अधिपतीला विचारून मगच हात घालावा. अधिपती म्हणजे जो कोणी वरचा असेल तो. धोक्याच्या कामाआधी परवानगी घ्यावी हा विचार किती जुना आहे पाहा! अभिमान वाटावा असाच आहे. पण परवानगी कुणाची? जिच्या पोटात हात घालायचा तिची नाही. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

जिवंत आई वाचवणारं सिझर ही गेल्या दीडशे वर्षांतली गोष्ट. 1847 साली दोन घटना घडल्या. एडिंबरोत सिम्सननं बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, आणि व्हिएन्नात सेमेलवाइसनं दाखवून दिलं की डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणी कमी मरतात. लोकांनी क्लोरोफॉर्म पटकन घेतला, हात धुणं घ्यायला फार वेळ लावला. (हशा) पुढे 1876 साली इटलीत पोरो यानं सिझर केल्यावर रक्तस्राव थांबावा म्हणून गर्भपिशवीच काढून टाकली. बाई वाचली. मग 1882 साली जर्मनीत झेंगर यानं पिशवी शिवायची पद्धत सांगितली. तुम्हाला आश्चर्य वाटेल, तोवर पोट शिवत, पण आतली पिशवी बहुधा तशीच सोडत. ती आपोआप आकसेल असा समज होता. त्यानंतर खालच्या भागात आडवा छेद घेण्याची पद्धत आली, रक्त देणं आलं, सल्फा आणि पेनिसिलिन आलं. तेव्हा कुठे सिझर हा 'पर्याय' म्हणण्याच्या लायकीचा झाला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा इतिहास डॉक्टरांच्या आधी बायकांनी घडवला, आणि त्यातल्या दोघी आपल्याच मातीतल्या. सावित्रीबाई फुले नायगावच्या, आज खंडाळा तालुका. जोतिरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. या दोघांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं नाहीतर ठेवून जावं. 1874 साली काशीबाई नावाची विधवा तिथे बाळंत झाली, तिचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो यशवंत. हा दुसरा यशवंत पुढे डॉक्टर झाला. मला विचाराल तर बाळंतपणातल्या निवडीचा आपला पहिला धडा हा आहे. तिथे प्रश्न शस्त्रक्रियेचा नव्हता. बाईला जीव न गमावता, जीव न घेता बाळंत होता यावं, आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवता यावं, एवढाच होता. तो तिला विचारणारं त्या काळात पुण्यात एकच घर होतं.

दुसरी, आनंदीबाई जोशी. ती कल्याणची, आपल्याकडची नव्हे, पण तिची वाट कोल्हापूरला संपायची होती. चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली, मूल दहा दिवसांत गेलं. ती अमेरिकेत जाऊन 1886 साली डॉक्टर झाली, आणि प्रबंध कशावर लिहिला, तर आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरलेली होती. पण क्षयानं ती 1887 च्या फेब्रुवारीत गेली. मिरजेचा दवाखाना उघडायला अजून सात वर्षं होती.

आणि तिसरी पुन्हा देवराष्ट्र्याची. रमाबाई रानडे, माहेरच्या कुर्लेकर. ज्या गावात विठाबाई अडल्या त्याच गावची मुलगी. 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं, सुईणपणाचं शिक्षण मिळवून दिलं. वरच्या जातीच्या बाईनं विटाळाच्या कामाला हात लावायचा, ही त्या वेळी केवढी गोष्ट होती! सुईणपण हे जातीचं काम होतं, ते विद्येचं काम व्हायला सुरुवात झाली ती इथे. पुढे 1930 साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघालं. ज्या गोष्टी माजघरात कुजबुजत बोलायच्या त्या छापून येऊ लागल्या. 1962 साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. 'मिरजेला न्या' हे शब्द आता गरिबालाही उच्चारता येऊ लागले.

इथवरची गोष्ट चढत्या क्रमाची आहे, ऐकायला बरी वाटते. आता जरा आकड्यांकडे बघू. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. देशाचा आकडा 97. दोन्ही आकडे आमच्या आईच्या पिढीला स्वप्नवत वाटले असते. हे दवाखान्यातल्या बाळंतपणानं केलं, रक्तपेढीनं केलं, भुलेच्या डॉक्टरांनी केलं, आणि होय, सिझरनंही केलं. जो माणूस सिझरला सरसकट शिव्या देतो त्यानं आधी आपल्या घरातल्या जुन्या बायकांना विचारावं, त्यांच्या जावा-नणंदांपैकी किती जणी बाळंतपणात गेल्या.

पण दुसरी बाजूही आकड्यांतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची सरकारी पाहणी असते. 2005-06 साली देशात शंभर जन्मांत साडेआठ सिझरनं होत होते. 2019-21 च्या पाहणीत ते साडेएकवीस झाले. महाराष्ट्रात 25.4. आणि खरी गंमत पुढे आहे. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14.3, खासगीत 47.4. म्हणजे खासगी दवाखान्यात जवळजवळ प्रत्येक दुसरी बाई. जागतिक आरोग्य संघटनेनं 1985 साली म्हटलं होतं की 10 ते 15 टक्क्यांहून जास्त प्रमाणाला काही कारण दिसत नाही. 2015 साली तिनं सांगितलं की एखाद्या समाजात प्रमाण दहाच्या वर गेल्यावर माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. मात्र त्याच निवेदनात असंही आहे, की विशिष्ट टक्का गाठायच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला सिझर मिळेल हे पाहा.

आता यावर दोन सोपी उत्तरं तयार असतात. एक, डॉक्टर पैसे खातात. दुसरं, हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत. दोन्ही उत्तरं आळशी आहेत. काही ठिकाणी पैसा असेल, नाकारत नाही. पण तालुक्याच्या गावातला छोटा दवाखाना डोळ्यापुढे आणा. एकच डॉक्टर, भुलेचा डॉक्टर बाहेरून यायचा, रक्त जिल्ह्याच्या गावाहून आणायचं. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके कमी झाले तर? बाहेर पंचवीस नातेवाईक उभे, त्यातले चार तापट. अशा डॉक्टराला दुपारी चार वाजता ठरवून केलेलं सिझर सुरक्षित वाटलं, तर त्यात त्याची भीतीही आहे आणि आपला वाटाही आहे. शिवाय एकदा सिझर झालं की पुढच्या वेळी पुन्हा सिझर होण्याची शक्यता वाढते, म्हणजे आकडा स्वतःच्या वजनानं फुगत जातो. आणि मुहूर्त! ज्योतिषाला विचारून वेळ काढून आणणारी माणसं मी शिकलेली पाहिली आहेत. जन्मवेळेवरून भविष्य कळतं असं मानायचं आणि जन्मवेळ मात्र आपणच ठरवायची. मग कुंडली बाळाची की दवाखान्याच्या वेळापत्रकाची? (हशा) यात हसण्यापलीकडचं असं आहे, की एकोणचाळीस आठवडे भरायच्या आत निव्वळ सोयीसाठी बाळ काढलं तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. ग्रह चांगले मिळतील, फुप्फुसं तयार नसतील.

आणि या सगळ्याच्या उलट चित्र याच दोन जिल्ह्यांत आहे. कोयनेच्या खोऱ्यातल्या, जावळीतल्या वाड्या, पावसाळ्यात रस्ता तुटला की काय होतं ते पाटणच्या लोकांना विचारा. ऊसतोडीला बाहेरून आलेली बाई, आठवा-नववा महिना, फडाच्या कडेला पालात राहते. सरकारी दवाखान्यात 2011 पासून सिझरसुद्धा मोफत आहे, कायदा-योजना तिच्या बाजूनं आहेत. पण दवाखान्यापर्यंत वेळेत पोचणं? तिच्यासाठी साल अजून 1913 आहे. एकीकडे गरज नसताना सुरी, दुसरीकडे गरज असताना सुरी नाही. हे एकाच नाण्याचं दोन बाजूंचं खोटेपण आहे.

मग 'नैसर्गिक तेच चांगलं' असं म्हणून सुटता येईल का? नाही. देवीचा रोग नैसर्गिकच होता. बाळ आडवं अडकून दोन जीव जाणं, तेही नैसर्गिकच. एखादी गोष्ट निसर्गात 'आहे' यावरून ती 'असावी' असं निघत नाही, हे ह्यूमनं अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलेलं आहे. आणि 'आधुनिक तेच चांगलं' म्हणून तरी सुटता येतं का? तेही नाही. सिझर ही मोठी शस्त्रक्रिया आहे. जखम, जंतुसंसर्ग, रक्तस्राव हे आहेच, पण खरं बिल पुढच्या बाळंतपणात येतं. वार जुन्या टाक्यावर चिकटून बसू शकते, आणि प्रत्येक सिझरगणिक तो धोका वाढतो. उलट खालून बाळंतपण म्हणजे धोका शून्य, असंही नाही. फाटणं, चिमटा लावावा लागणं, पुढे अंग बाहेर येणं, याबद्दल आपल्या बायका चाळीस-चाळीस वर्षं लाजेनं बोलत नाहीत. दोन्ही वाटांवर काटे आहेत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणून खरा प्रश्न 'कुठली वाट चांगली' हा नाहीच. काटे कुठे आहेत हे कुणी कुणाला सांगितलं, आणि पाऊल कुणी उचललं, हा आहे.

इथे न्यायालयांचे दोन निकाल सांगतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा माँटगोमेरी खटला. बाईंना मधुमेह, बांधा लहान, बाळ मोठं. खांदा अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के. डॉक्टरांनी तो सांगितला नाही. का, तर सांगितला असता तर अशा बायका सिझरच मागतात, आणि ते त्यांच्या हिताचं नाही, असं त्यांचं मत. खांदा अडकला, बाळाच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालय म्हणालं, धोका सांगायलाच हवा होता, निर्णय बाईंचा होता. दुसरा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली खटला. बाळंतपणाचा नव्हे, पण प्रश्न तोच. तपासणीसाठी भूल दिलेली चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि तिच्या आईची बाहेर संमती घेऊन गर्भपिशवी काढली गेली. न्यायालयानं सांगितलं, जीव वाचवायची तातडी नव्हती, सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती ही तिची संमती नव्हे.

सुश्रुताचा अधिपती आठवतोय ना? दोन हजार वर्षांच्या आसपासचा तो अधिपती 2008 साली कागदावर तरी पदच्युत झाला. कागदावर.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी व्यासपीठावरून कधी सांगितलेली नाही. 1978 साल. माझी पत्नी पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात होती. रात्रभर कळा दिल्या. पहाटे डॉक्टर बाहेर आले, म्हणाले सिझर करावं लागेल, इथे सही करा. माझे वडील शेजारी होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, मी सही केली. डॉक्टरांचं काही चुकलं नाही, त्यांनी दोन जीव वाचवले, मी त्यांचा ऋणी आहे. मुलगी झाली. मी त्या वर्षी वर्गात कांट शिकवत होतो. माणसाला केवळ साधन मानू नका, प्रत्येक माणूस स्वतःच स्वतःचा विधाता आहे, वगैरे. आणि माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही की आत ती पूर्ण शुद्धीवर आहे, दार ढकलून आत जाऊन "अगं, असं असं म्हणतायत, तुझं काय म्हणणं?" एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

पुष्कळ वर्षांनी, आमच्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी, बाहेर बाकावर बसलो असताना ती सहज म्हणाली, "मला त्या वेळी कुणी विचारलं नाही. मी हो म्हटलंच असतं. पण मी म्हटलं असतं." बस्स, एवढंच. रागानं नाही. मी आयुष्यभर स्वायत्ततेवर जी काही व्याख्यानं दिली, त्या सगळ्यांवर ते वाक्य भारी आहे. निर्णय तोच झाला असता, परिणामही तोच. मग फरक काय पडला असता? उपयुक्ततावादी म्हणेल, काही नाही. पण ती शेजारी बसली होती आणि मला दिसत होतं की तीस वर्षं झाली तरी काहीतरी राहून गेलं होतं.

ती आता नाही. म्हणून नातीचा फोन आला तेव्हा मला उत्तर द्यायला वेळ लागला.

नातीला मी शेवटी एवढंच सांगितलं. म्हटलं, बाळ, सिझर कर की नको कर, हे मी सांगणार नाही. मी एकदा तुझ्या आजीच्या वतीनं सही केलेली आहे, तेवढी पुरे. पण सुईणीच्या घराण्यातला म्हणून चार प्रश्न देतो. डॉक्टरीणबाईंना विचार, माझ्या तब्येतीत सिझरचं वैद्यकीय कारण आहे, की सोय आणि भीती? दोन्ही कारणं खरी असू शकतात, पण कुठलं आहे ते कळलं पाहिजे. दुसरं, मला आणखी मूल हवं असेल तर आजच्या निर्णयाचा त्यावर काय परिणाम? तिसरं, त्या दवाखान्यात रात्री-अपरात्री भुलेचा डॉक्टर आणि रक्त किती मिनिटांत मिळतं? आणि चौथं, आधी ठरवलेलं ऐन वेळी बदलावं लागलं तर ते मला कोण सांगणार, आणि मला सांगणार की बाहेरच्यांना? या चौथ्याचं उत्तर आजच घे, कळा सुरू झाल्यावर ते घेता येत नाही. आणि शेवटी काहीही झालं, तरी अपराधी वाटून घेऊ नकोस. सिझर झालं म्हणून तू कमी आई नाहीस, आणि कळा सोसल्या म्हणून जास्त आई नाहीस.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आबा, हे प्रश्न मी माझ्या नवऱ्यालाही पाठ करायला लावते." मी म्हटलं, "त्याच्या बापालाही लाव." (हशा)

गेल्या महिन्यात ती बाळंत झाली. दोघंही सुखरूप आहेत. आज इथे येताना दारात दोघा-तिघांनी विचारलं, "सर, नॉर्मल की सिझर?" ते मी सांगणार नाही. ती तिची गोष्ट आहे, तिला वाटलं तर ती सांगेल. मी एवढंच सांगतो, की कागदावर सही तिची होती.